यावेळी बॅगा हॉटेलवर

प्रिय आई आणि पप्पा,
जय भीम.

काल फोनवर आवाज तुटत होता आणि मध्येच चिऊ रडायला लागली, त्यामुळे निम्मं राहूनच गेलं. म्हणून लिहूनच पाठवते. पप्पा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, आई चष्मा शोधायचा कंटाळा करते.

तुम्ही जूनमध्ये आलात की पहिले दहा दिवस बर्मिंगहॅममध्ये आराम, आणि मग एका शनिवार-रविवारी आपण सगळे लंडनला, मी, हे, दोन्ही पोरं आणि तुम्ही दोघं. ह्यांनी एक प्लॅन केला होता, दोन दिवसांत चौदा ठिकाणं. मी वाचला आणि मला एकदम 1996 ची आपली मुंबई आठवली. आठवतं ना, पहाटे पंचवटीने निघून व्हीटीला उतरलो, मग राणीबाग, मत्स्यालय, गेटवे, संध्याकाळी चैत्यभूमी, सगळं एका दिवसात. पप्पा तुमची हौस होती, पोरांना सगळं दिसावं, आणि मला खरंच सगळं दिसलं. पण गेटवेला तुम्ही, दादा आणि मी लाँचमध्ये बसून फेरी मारून आलो आणि आई काठावर दोन बॅगा, वॉटरबॅग आणि डब्याची पिशवी घेऊन उन्हात बसली होती. आम्ही परत आलो तर म्हणाली, "झालं का बघून?" मी तेव्हा नऊ वर्षांची, मला त्यात काही वाटलं नाही. आता माझी स्वतःची पोरं झाली आणि ते उन्हातलं बसणं डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून ह्यांचा प्लॅन मी बाजूला ठेवला आणि नवीन केलाय.

सकाळची ट्रेन बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनवरून, फास्ट गाडीने साधारण दीड तासात लंडनचं यूस्टन स्टेशन. इथे फॅमिली रेलकार्ड मिळतं 35 पौंडांना, वर्षभर चालतं, चार मोठी माणसं आणि चार पोरं एका कार्डावर. मोठ्यांना तिकिटात एक तृतीयांश सूट आणि पोरांना साठ टक्के, चिऊ पाचच्या आत आहे म्हणून तिला तिकीटच नाही. म्हणजे एका ट्रिपमध्ये कार्डाचे पैसे वसूल. फक्त तारीख अजून पक्की केली नाही कारण इथेही वीकेंडला रुळांची कामं काढतात, पप्पा तुम्हाला मेगाब्लॉक काय ते सांगायला नको, सगळी नोकरी त्यातच गेली तुमची. ते वेळापत्रक बघून मगच तिकिटं काढते.

हॉटेल यूस्टनपासून चालत पाच मिनिटांवर, लिफ्ट आहे, विचारून घेतलंय. रूम दुपारी तीनला मिळते पण बॅगा सकाळीच रिसेप्शनला ठेवून घेतात. तर बॅगा तिथे. आईच्या हातात फक्त पर्स, बाकी काही नाही, आत्ताच सांगून ठेवते.

मग शनिवारी आधी बाबासाहेबांचं घर. 10 किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये शिकत असताना ते तिथे राहायचे, 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. मी मागच्या वर्षी कामासाठी लंडनला गेले होते तेव्हा संध्याकाळी बाहेरूनच बघून आले, भिंतीवर निळी गोल पाटी आहे, त्यावर नाव वाचलं आणि रस्त्यातच उभी राहून रडले. पप्पा, फेब्रुवारी 1938 ला मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेला बाबासाहेब आले होते, आजोबा गर्दीत मागे उभे होते, ते किती वेळा सांगायचे. तुम्ही त्या दारात उभे असाल तेव्हा मला फोटो काढायचाय, आजोबांचा फोटोही सोबत आणा, तो लहानवाला, फ्रेमशिवाय. आत जायची वेळ आदल्या आठवड्यात विचारून ठेवते. जवळच प्रिमरोझ हिल म्हणून टेकडी आहे, वरून अख्खं लंडन दिसतं म्हणतात, पण चढ आहे, म्हणून तो मी काढून टाकला. कुणीतरी वर जाणार आणि आई खाली बाकावर बसणार, असलं काही यावेळी नको.

तिथून टॅक्सीने ब्रिटिश म्युझियम, तिकीट नाही. मधोमध गोल रीडिंग रूम आहे, पूर्वी लायब्ररी तिथेच होती, बाबासाहेब तासन्‌तास वाचत बसायचे ती हीच. आणि आई, तुझ्यासाठी खास, अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत तिथे, आंध्रातली, पांढरट दगडातली. आपला एवढा मोठा ठेवा इतक्या लांब का, हा प्रश्न मला दर वेळी पडतो, पण बघायला मात्र जायचंच. म्युझियम मोठं आहे, व्हीलचेअर घेऊ. आई, लगेच नाही म्हणू नको, इथे सगळे घेतात, कोणी वळून बघत नाही.

अर्णवला डायनोसॉर बघायचेत पण त्याच्याशी बोलून झालंय, ते दिवाळीच्या सुट्टीत.

जेवण यूस्टनच्या मागे ड्रमंड स्ट्रीटवर, भेळपुरी, डोसे, थाळी सगळं व्हेज मिळतं. तरी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी लागेलच ट्रेनमध्ये, ती तुझ्याच हातची, पण इथे घरी करू. भारतातून येताना पेढे, खवा, तूप काही आणू नको, दुधाचं आणि मटणाचं आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. मसाला चालेल, काळा मसाला दोन किलो तरी.

आणि रविवारी एकच गोष्ट, बोट. वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावरून ग्रीनिचपर्यंत, थेम्समधून, टॉवर ब्रिजच्या खालून. धक्क्यावर उतार केलेला आहे, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. तिकडे उतरलं की समोरच कटी सार्क नावाचं जुनं चहाचं जहाज उभं आहे, 1869 चं, ते बघायचं, चहा प्यायचा आणि परत. जिथून जगाची वेळ मोजतात ती रेषा तिथेच वर टेकडीवर आहे, पप्पांना आणि अर्णवला बघायची असेल तर दोघांनी जाऊन या, मी आणि आई खाली बाजारात फिरतो. हे बसणं नाही, हे फिरणं आहे, फरक आहे त्यात.

आता एकच. आई, गुडघ्याचं खरं सांग. दादा म्हणतो तू जिना उतरताना कठडा धरून उलटी उतरतेस आणि मला फोनवर "बरंय" म्हणतेस. डॉक्टरांनी किती चालायला सांगितलंय ते दादाला लिहून पाठवायला सांग, मी त्याप्रमाणे अजून कमी करते, मला काही वाटणार नाही. बूट इथे आल्यावर घेऊ. जूनमध्येही संध्याकाळी गार वारा असतो, तुझा मरून स्वेटर टाक बॅगेत, आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो म्हणून घाई कशाचीच नाही.

बोटीत आत काचेजवळ बसायचं की मागे उघड्यावर, ते तुझं तू ठरव आणि रविवारी फोनवर सांग.

तुमची,
सोनी