भाऊजींच्या क्लॅड्रिबिनबद्दल, सविस्तर

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र वाचलं. आधी धस्स झालं, मग भाऊजींच्या आजाराचं नाव पाहून जीव थोडा भांड्यात पडला. हेअरी सेल ल्युकेमिया अगदी विरळा, सगळ्या ल्युकेमियांमध्ये जेमतेम दोन टक्के, आणि बायकांपेक्षा पुरुषांमध्ये कितीतरी जास्त. पण रक्ताच्या कॅन्सरमध्ये उपचारांना इतकं ऐकणारे आजार फार थोडे आहेत. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. केमोच्या वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर लिहिते आहे.

आता तुझा प्रश्न, क्लॅड्रिबिन हे केमोचं औषध कसं द्यायचं याचा. एका डॉक्टरांनी सात दिवस अखंड पंप सांगितला, दुसऱ्यांनी पाच दिवस रोज दोन तासांची सलाईन, आणि कुणीतरी आठवड्यातून एकदा देतात असं कळवलं. यातलं खरं कोणतं, असं तू विचारतेस. तिन्ही खरी आहेत, आणि पोटावर किंवा मांडीवर कातडीखाली इंजेक्शन देण्याची चौथी पद्धतही आहे.

सात दिवसांची पद्धत सगळ्यात जुनी. १९९० साली अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांचा अनुभव छापला. सात दिवसांचं एकच सलग इन्फ्युजन, म्हणजे शिरेतून पंपाने सोडलेलं औषध, आणि त्यांतल्या ११ जणांमध्ये आजाराचा मागमूस राहिला नाही, बाराव्यालाही चांगला फरक पडला. साहजिकच सगळीकडे तोच रिवाज पडला. औषध रक्तात सतत राहिलं पाहिजे, असा त्यामागचा विचार होता.

पण क्लॅड्रिबिनचं काम रक्तात नाही, पेशीच्या आत चालतं. लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी ते ओढून घेतात (या आजाराच्या हेअरी सेल त्याच जातीच्या), त्यांच्यातलं एक एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडतं आणि मग ते सहजासहजी बाहेर पडत नाही. रक्तातलं प्रमाण उतरलं तरी पेशीत ते बराच वेळ मुरत राहतं. शिवाय बहुतेक केमो वाढणाऱ्या पेशींवरच चालतात, हे औषध स्वस्थ बसलेल्या पेशींनाही मारतं, आणि हेअरी सेल फार हळू वाढतात. म्हणून दोन तासांची सलाईनही पुरते. कातडीखाली दिलेलं औषध तर जवळजवळ सगळंच रक्तात पोचतं.

एकूण डोसचा हिशेबही करून बघ. अखंड पंपात दर किलो वजनाला रोज ०.१ मिलिग्रॅम, सात दिवस: झाले ०.७. पाच दिवसांच्या इंजेक्शनात रोज ०.१४, म्हणजे पुन्हा ०.७. दोन तासांच्या सलाईनला काही ठिकाणी रोज ०.१२ देतात, तिथे बेरीज थोडी कमी, ०.६. म्हणजे औषध साधारण तेवढंच, वाटणी वेगळी.

आठवड्याच्या पद्धतीकडून खूप आशा होती. रोज औषध घेतलं की पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात आणि इन्फेक्शन होतं. अंतर ठेवलं तर शरीराला सावरायला वेळ मिळेल, असं वाटलं होतं. पोलंडमध्ये १३२ रुग्णांवर, आणि नंतर स्वित्झर्लंडमध्ये १०० रुग्णांवर रोजची आणि आठवड्याची अशा दोन्ही पद्धती चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून देऊन पाहिल्या. ना गुण येण्यात फरक सापडला, ना इन्फेक्शनमध्ये. मग पाच दिवसांत संपणारं काम पाच-सहा आठवडे ताणायचं कशाला? मला त्यात काही फायदा दिसत नाही.

माझा कौल पाच दिवसांना. कातडीखालचं इंजेक्शन त्या वॉर्डात देत असतील तर तेच बरं, कारण शिरेत नळी राहत नाही आणि नळीवाटे होणारं इन्फेक्शन टळतं. नाहीतर दोन तासांची सलाईन. पण तिथल्या डॉक्टरांचा आणि सिस्टर्सचा हात सात दिवसांच्या पंपावर बसला असेल तर त्यासाठी वाद घालू नकोस. ज्यांना जे रोज करायची सवय असते, ते त्यांच्या हातून नीट होतं.

सुनंदा, खरी काळजी सुई निघाल्यावर सुरू होते. उपचारांच्या पहिल्या एकदोन आठवड्यांत पुष्कळांना ताप येतो. बऱ्याचदा कल्चरमध्ये, म्हणजे जंतू शोधायच्या तपासणीत, काहीच निघत नाही, पण आधीच तसं धरून चालायचं नाही. घरात थर्मामीटर ठेव. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटचे १००.४, दिसले की रात्र असली तरी वॉर्डात फोन कर. त्याआधी आपल्या मनाने पॅरासिटामॉल देऊ नकोस, ताप झाकला जातो. आणि औषध सुरू करायच्या आधीच भाऊजींना कुठलं इन्फेक्शन असेल तर ते बरं होईपर्यंत डॉक्टर थांबायला सांगतील. ते थांबणं तुला जड जाईल, तरी थांब. हा आजार थोडी वाट पाहू देतो.

लिम्फोसाइट पुढे कित्येक महिने कमी राहतात. नागीण आणि एका प्रकारचा न्यूमोनिया टाळायला गोळ्या द्यायच्या का, ते विचार. जिवंत जंतूंची लस घ्यायची नाही. रक्त चढवायची वेळ आली तर ते रेडिएशन दिलेलं हवं, ही नोंद त्यांच्या फाइलवर ठळक करून घे. किडनीच्या तपासण्याही आधी झालेल्या असाव्यात.

रिटुक्सिमॅब या अँटिबॉडी औषधाबद्दलही डॉक्टरांना विचार. क्लॅड्रिबिनच्या सोबतच ते आठवड्याला एक असं आठ वेळा दिलं, तर सूक्ष्म प्रमाणात उरलेला आजारही बहुतेकांमध्ये दिसेनासा होतो, असं २०२० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं. पाच की सात दिवस यापेक्षा हा प्रश्न मला मोठा वाटतो.

बोनमॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची, तपासणी उपचारांनंतर चार ते सहा महिन्यांनी करतात. त्याआधीच्या रिपोर्टांतले आकडे वरखाली होतील, ते पाहून रडत बसू नकोस.

डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी मला फोन कर, काय काय विचारायचं ते आपण मिळून लिहून काढू. भाऊजींना ताप आला तर मात्र आधी वॉर्डाला फोन, मग मला.

तुझी,
मंगल