शाळेतल्या मावशींना, मनापासून थँक्यू

मावशी, हे समोर येऊन बोलले असते तर तुम्ही "अहो जाऊ द्या ताई" म्हणून झाडू घेऊन पुढे गेला असतात, म्हणून सगळ्यांसमोर लिहूनच टाकते.

जुलैमध्ये तुम्ही मला गेटवर थांबवून हळूच सांगितलंत की मुलगा डबा खात नाही, टाकून देतो. मला खरंच वाटेना कारण डबा रोज चाटूनपुसून रिकामा यायचा आणि मी खूश की पोरगं नीट जेवतंय. मग तुम्ही आत नेऊन ओल्या कचऱ्याचा तो हिरवा डबा दाखवलात, अख्ख्या पोळ्या, मेथीचे पराठे, कुणाची तरी इडली, सफरचंदाच्या फोडी, आणि हे सगळं फक्त दुसरीच्या वर्गांचं!

तेव्हा मी म्हटलं होतं, ओल्या कचऱ्यातच टाकतोय ना, मग देवगुराडियाच्या कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या प्लांटला जाऊन गॅस बनेल. आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं, पोरांना ओला-सुका पाठ, तो प्लांट दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊ शकतो, त्या गॅसवर सिटी बस चालतात, मला अभिमान होता आणि आजही आहे. तुम्ही एवढंच म्हणालात, "ताई, गॅस सालांचा पण बनतो. पोळीला गहू लागतो, पाणी लागतं, तुमची सकाळची झोप लागते." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

आणि कारण पण तुम्हीच शोधलंत. उरलेलं घरी नेलं की आई ओरडते, म्हणून पोरं टाकतात. म्हणजे ओरडणारी मीच की! शिवाय सुट्टी छोटी, खेळायची घाई, दोन घास खाऊन पळ. तुम्ही वर्गाच्या बाईंशी बोललात, आता आधी खेळ मग डबा, आणि उरलं तर झाकण लावून घरी. मी पण तीनच्या जागी दीड पोळी देते, सात वर्षांच्या पोराला तीन कशाला देत होते काय माहीत.

परवा तुमचा हिरवा डबा बघितला, तळाला केळीची सालं आणि थोडा भात, बस. आणि काल अर्धी पोळी परत आली, "आज भूक नव्हती" असं त्याने स्वतःहून सांगितलं, मी ती संध्याकाळी चहासोबत खाल्ली.

हे तुमच्या कामात नव्हतं मावशी, तरी केलंत. शनिवारी पुरणपोळी घेऊन येते, घरी किती जण आहात तेवढं सांगा.