कार्ड मिळालं, गोळ्यांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर वय वंदना कार्डवाटपाचा फोटो पाहिला. सत्तरी ओलांडलेल्यांना मोफत उपचार देणारं सरकारी कार्ड ते. पुढाऱ्यांची रांग, मधे खुर्चीवर एक आजोबा, त्यांच्या हातात कार्ड आणि त्या कार्डाला चार जणांचे हात. खाली ज्येष्ठांची उपचारांची चिंता मिटली, अशा अर्थाचा मजकूर. काल दिवसभर गप्प बसलो, आज राहवेना. तुमचा बातमीदार तरुण असावा आणि त्याच्या घरात अजून कुणाला रोजची गोळी लागलेली नसावी. त्याला उदंड आयुष्य लाभो.

कार्ड आमच्याकडेही आहे, दोघांचंही. मी ७४ वर्षांचा, ही ७१ वर्षांची. ऑक्टोबर २०२४ मध्ये योजना सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात आम्ही कार्ड काढून, लॅमिनेट करून कपाटात ठेवलं. पाच लाखांचं आहे, खोटं नाही. पण ते चालतं कधी? माणूस रुग्णालयात दाखल झाला तर. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढ्याच दिवसांची औषधं त्यात बसतात. बाकी वर्षभर आम्ही आणि औषध दुकानदार. सत्तरीच्या माणसाचा खर्च दाखल होण्यात कमी आणि दाखल न होण्यात जास्त असतो, हे योजना आखणाऱ्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांनी त्यांना सांगितलेलं दिसत नाही.

आमच्या घरचंच सांगतो. हिला शुगर आणि बीपी दोन्ही जुनं. (मी साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे रस आटवून साखर करणारा, होतो. कारखान्यात साखर केली आणि घरात साखर झाली, हा विनोद आमच्या कट्ट्यावर शिळा झालाय, तुम्ही करू नका.) २०२४ च्या पावसाळ्यात डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन नावाची गोळी वाढवली. शुगरबरोबर हृदयाला आणि किडनीलाही चांगली, म्हणाले. असेलही. तेव्हा ती एक गोळी साठ रुपयांच्या घरात होती. रोज एक. म्हणजे माझी महिन्याची पेन्शन जवळजवळ त्या एका गोळीत संपायची. बाकीच्या चार गोळ्या, दूध, वीजबिल मुलाच्या पैशांतून. मुलगा देतो, कुरकुर करत नाही, पण त्यालाही दोन पोरं आहेत.

ही शाळा फारशी शिकली नाही, पण हिशेबाला पक्की. औषधं मी आणतो, त्यामुळे महिना भरला की पट्टी संपायला हवी, हे मला ठाऊक. पट्टी काही संपेना. एक दिवस ही देवळात गेलेली असताना डबा उघडून बघितला. पट्टीच्या पाठीवर बॉलपेननं बारीक फुल्या मारलेल्या, एका आड एक. फुलीची गोळी घ्यायची, बिनफुलीची दुसऱ्या दिवसाला ठेवायची. बीपीच्या गोळ्या सुरीनं अर्ध्या करून हिंगाच्या रिकाम्या डबीत भरलेल्या. गोळ्यांनाही हिंगाचा वास. विचारलं तर म्हणाली, "अहो, बरं वाटतंय की मला. रोज रोज कशाला?"

पुढच्या जानेवारीत एका रात्री हिला धाप लागली. पाय सुजलेले, आडवं पडवेना. भाच्याच्या गाडीतून मिरजेला नेलं. कार्ड दाखवलं, अंगठा झाला, आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची मदतनीस, म्हणून बसलेली मुलगी हुशार होती, धावपळ तिनंच केली. आयसीयू, ऑक्सिजन, इंजेक्शनं, तपासण्या. माझ्या खिशातून रुपया गेला नाही. योजनेचं जे श्रेय आहे ते द्यायलाच हवं. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, औषधं नियमित होती का? औषधं चुकली की असं होतं, म्हणाले. म्हणजे जिच्यासाठी सरकारकडे साठ रुपये नव्हते, त्या गोळीच्या अभावी आलेल्या आयसीयूला मात्र होते. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, दुसरं काय?

घरी सोडताना त्याच मुलीनं समजावलं, "काका, पंधरा दिवसांची औषधं इथून मिळतील. पुढची तुम्ही बाहेरून घ्या." तिचा काय दोष? तिनं नियम सांगितला. सोळाव्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानात.

पुढची गंमत ऐका. मार्च २०२५ मध्ये या गोळीचं पेटंट संपलं. किती तरी कंपन्यांनी ती काढली आणि तीच गोळी दहा रुपयांच्या आसपास आली, काहींची त्याहूनही खाली. संशोधनाला पैसा लागतो, पेटंट असतं, हे मला कळतं. पण ही दिवसाआड फुल्या मारत होती तेव्हा हा साठाचा आकडा कुणाच्या तरी टेबलावर होताच ना? आमच्यासारख्यांनी पेटंट संपेपर्यंत टिकून राहायचं, असा काही संकेत असेल तर तो कार्डावर छापा.

आता कुणी तरी उत्तरादाखल पत्र लिहील की काका, जनऔषधीत, म्हणजे सरकारच्या स्वस्त औषधांच्या दुकानात जा. जातो. २००८ पासूनची योजना आहे, चांगली आहे, शुगरची मेटफॉर्मिन आणि बीपीची टेल्मिसार्टन तिथूनच आणतो. पण चिठ्ठीवर डॉक्टर लिहितात दोन-तीन औषधं एकत्र केलेली कंपनीची गोळी. काउंटरवरचा मुलगा चिठ्ठी उलटी-सुलटी करून म्हणतो, हे नाही, हे आहे, हे पुढच्या आठवड्यात बघा. जेनेरिक, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाचं औषध, चालेल का असं डॉक्टरांना विचारावं तर, "जेनेरिक चालेल की, पण गुण आला नाही तर मला बोलायचं नाही." हे ऐकल्यावर कोण धजावेल? डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावं असा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये काढला होता, तो त्याच महिन्यात स्थगित झाला. सरकारी दवाखान्यातही ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, साध्या बीपी-शुगरच्या गोळ्या तिथं मिळतात. घोडं अडतं ते चिठ्ठीच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीतल्या नव्या, महागड्या गोळ्यांवर.

मेडिक्लेम काढा म्हणणारेही भेटतात. वयाची अट २०२४ मध्ये उठली, सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा जीएसटीही गेला. छान झालं. जुन्या आजारासाठी मात्र तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावर तीन वर्षं! आणि रोजच्या गोळ्या सर्वसाधारण पॉलिसीतही येत नाहीतच. एजंट पूर्वी दर दिवाळीला कॅलेंडर घेऊन यायचा, हल्ली फोन उचलत नाही. औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, त्यानं शंभर रुपयांमागे सहाएक रुपये वाचतात. पण सरकारच्या किंमत नियंत्रणाच्या यादीबाहेरच्या औषधाचा भाव कंपनी दर वर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते, तसा नियमच आहे. यादीतल्या औषधांनाही २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये १२ टक्क्यांवर वाढ दिली होती. वाचलेले सहा रुपये किती दिवस पुरवायचे, तुम्हीच सांगा.

इन्कम टॅक्समध्ये ज्येष्ठांच्या औषधखर्चाला ५० हजारांपर्यंत वजावट आहे म्हणे. जुन्या करप्रणालीत. आमच्या उत्पन्नाला टॅक्सच लागत नाही, वजावट कशातून घेऊ?

आमच्या शेजारी पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, माझे चांगले मित्र. त्यांना पेन्शनबरोबर महिन्याला १००० रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. मिळावाच. पण ईपीएस-९५ ची, म्हणजे आमच्यासारख्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेची, किमान पेन्शनही १००० रुपयेच आहे, सप्टेंबर २०१४ पासून. म्हणजे त्यांचा नुसता औषधाचा भत्ता तेवढीच आमच्यातल्या कित्येकांची अख्खी पेन्शन. साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी संस्था यांत हयात घालवलेले असे पेन्शनर या जिल्ह्यात गल्लोगल्ली सापडतील. आमचे लोक मोर्चे काढून थकले, निवेदनं देऊन थकले. राज्यानं वयोश्री योजनेत ३००० रुपये दिले, तेही एकदाच आणि चष्मा-काठीसाठी.

माझी मागणी फार मोठी नाही. हेच कार्ड जनऔषधी केंद्रात चालू द्या. महिन्याला ठरावीक रकमेच्या गोळ्या त्यावर मिळाव्यात, डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव लिहावं, केंद्रानं माल ठेवावा. आधार जोडलेलं आहे, अंगठा घ्यायचं यंत्र स्वस्त धान्य दुकानातसुद्धा आहे. गहू-तांदूळ अंगठ्यावर मिळतो, मग मेटफॉर्मिन का मिळू नये? आयसीयूचा खर्च वाचेल, तो वेगळाच.

लिहितोच आहे तर आणखी एक. पट्टीवर किंमत आणि मुदत एकाच टोकाला छापतात, तीही चंदेरी कागदावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. आम्ही गरजेपुरत्या चारच गोळ्या मागतो, दुकानदार कात्रीनं पट्टी कापतो आणि छापलेलं टोक बहुतेक वेळा त्याच्याकडेच राहतं. घरी आलेल्या चार गोळ्यांची मुदत कधी संपली, ते देवाला ठाऊक. प्रत्येक गोळीमागे तारीख छापायला असा किती खर्च येतो?

आणि ते रेल्वेचं. ज्येष्ठांची तिकीट सवलत करोनाच्या नावाखाली मार्च २०२० मध्ये बंद केली. पुरुषांना ४० टक्के होती, बायकांना ५०. करोना गेला, गाड्या भरून वाहतात, सवलत काही परतली नाही. हिला तपासणीसाठी पुण्याला न्यायचं तर पूर्ण तिकीट. एसटीनं मात्र पंचाहत्तरीनंतर मोफत केलंय, माझं थोडंच राहिलंय.

मागच्या वेळी माझं पत्र आपण निम्मं कापून छापलंत. या वेळीही जागा कमी पडली तर रेल्वेचं कापा, गोळ्यांचं ठेवा.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सांगली