सर्का-२ अँटिबॉडीच्या नव्या लॉटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार व तांत्रिक साहाय्य विभाग,
पुणे कार्यालय.

विषय: सर्का-२ कॅल्शियम पंपासाठी घेतलेल्या अँटिबॉडीचा सदोष लॉट परत घेऊन रक्कम परत करण्याबाबत.

महोदय,

बेळगाव येथील आमच्या महाविद्यालयाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाने सर्का-२ या कॅल्शियम पंपाविरुद्धची सशाची पॉलिक्लोनल अँटिबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचे मिश्रण) आपल्याकडून दुसऱ्यांदा खरेदी केली. कॅटलॉग क्रमांक तोच आणि डेटाशीटही तेच होते, फक्त लॉट (उत्पादनाची खेप) नवा होता. पहिल्या कुपीविषयी आमची कसलीही तक्रार नव्हती. म्हणूनच या वेळी कोटेशनच्या तुलनातक्त्यात आपला दर सर्वांत जास्त असतानाही आम्ही खरेदी समितीकडे आपल्याच मालाची शिफारस केली. नवी कुपी मात्र सर्का-२ ऐवजी, किंवा त्याच्या जोडीने, सर्का-१ हा त्याचा भाऊबंद पंप ओळखते असे आमच्या निदर्शनास आले आहे. तसे कळवल्यावर आपल्या तांत्रिक विभागाने उत्तर दिले की, बँड (जेलवर दिसणारा प्रथिनाचा पट्टा) सुमारे ११० किलोडाल्टन या रेणुवजनाला म्हणजे अपेक्षित जागी दिसत असल्याने उत्पादनात दोष नाही, आमची पद्धत तपासून पाहावी. हे उत्तर आम्हाला मान्य नाही आणि त्याची कारणे पुढे देत आहे.

सर्का-१ आणि सर्का-२ ही एकाच कुळातली प्रथिने असून दोन्ही स्नायूपेशीतील सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम या कॅल्शियम साठवणाऱ्या जाळीच्या पटलात बसून एका एटीपीच्या (पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) बदल्यात कॅल्शियमचे दोन आयन आत ओढतात. प्रौढ जलद स्नायूतील सर्का-१ए मध्ये ९९४ अमिनो आम्ले आहेत, तर हृदय आणि मंद स्नायूतील सर्का-२ए मध्ये ९९७. तीन अमिनो आम्लांचा हा फरक जेलवर वेगळा दिसणे शक्य नाही. दोघांचेही बँड ११० च्याच आसपास येणार. त्यामुळे बँड योग्य जागी आला एवढ्यावरून तो कोणत्या पंपाचा हे ठरत नाही. या बाबतीत वजनाची साक्ष निरुपयोगी आहे आणि आपले सारे उत्तर नेमके तिच्यावरच उभे आहे.

म्हणूनच आम्ही प्रत्येक ब्लॉटवर (जेलवर वेगळी केलेली प्रथिने मेम्ब्रेन या पातळ पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत) विस्टार उंदराचे तीन नमुने शेजारी शेजारी लावतो. हृदयाच्या डाव्या निलयात सर्का-२ भरपूर असते, सोलियस या मंद स्नायूत ते बऱ्यापैकी असते आणि ईडीएल या जलद स्नायूत जवळजवळ सगळा पंप सर्का-१ चा असतो. जुन्या लॉटने हृदयाच्या रकान्यात ठसठशीत बँड दिला, सोलियसमध्ये त्याहून फिका, आणि ईडीएलचा रकाना फिल्म बराच वेळ ठेवूनही जवळपास कोराच राहिला. नव्या लॉटने हा क्रम पार उलटा केला असून आता सर्वांत गडद बँड ईडीएलमध्ये आहे. फ्रीझरमध्ये जुन्या लॉटचा थोडा अंश शिल्लक होता, तो त्याच नमुन्यांवर, त्याच मेम्ब्रेनच्या दुसऱ्या तुकड्यावर वापरला असता जुनेच चित्र मिळाले. शेजारच्या जीवरसायनशास्त्र विभागाकडील दुसऱ्या कंपनीची मोनोक्लोनल (एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाची) अँटिबॉडीही जुन्या लॉटच्या बाजूने बोलते. ऊतींच्या छेदांवर तर दोष नुसत्या डोळ्यांना कळतो: ईडीएलच्या आडव्या छेदात पूर्वी तुरळक मंद तंतूच रंगत आणि बाकीचे फिके राहत, आता सगळे तंतू सारखेच रंगतात.

पद्धतीविषयी आपण विचारलेल्या शंकांपैकी एक रास्त आहे. हा पंप पटलात रुतलेला आणि पाण्याला तिटकारणारा असल्याने नमुना ९५ अंशांवर उकळला तर त्याच्या गुठळ्या होऊन तो जेलमधील नमुना भरण्याच्या खाचेच्या तोंडाशीच अडकतो. आम्ही म्हणूनच नमुने ३७ अंशांवरच ठेवतो. जीएपीडीएच या तुलनेसाठी सहसा वापरल्या जाणाऱ्या प्रथिनावर तुलना बेतलेली नाही, कारण जलद स्नायूत ते मुळातच जास्त असते. प्रत्येक मेम्ब्रेन आधी पॉन्सो या रंगद्रव्याने रंगवून एकूण प्रथिन पाहिले आहे. फक्त सेकंडरी अँटिबॉडी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून तिची जागा दाखवणारी) लावलेला तुकडा स्वच्छ आहे. आमच्या भागात पावसाळ्यात वीज जाते हे खरे, पण उणे २० अंशांचा फ्रीझर जनरेटरवर असून त्याची तापमान नोंदवही आपल्या प्रतिनिधीने पाहिली आहे.

पार्सल बेळगावात न उतरवता पुढे हुबळीला गेले आणि परत येईपर्यंत त्यातील जेलपॅकचे पाणी झाले होते, हे फोटोंसह तेव्हाच कळवले होते. तरी या तक्रारीत त्यावर मी भर देत नाही. उष्णतेने अँटिबॉडी दुबळी होते, बँड फिके पडतात. पण उष्णतेमुळे ती हृदयातील पंप सोडून जलद स्नायूतील पंप जोमाने ओळखू लागेल, हे संभवत नाही. दोष कुरिअरचा नसून लॉटचा आहे.

डेटाशीटवरील एकमेव चित्र हे जास्तीचे सर्का-२ तयार करवलेल्या एचईके या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचे आहे. तिथे दोन्ही पंप ओळखणारी अँटिबॉडीही उत्तम गुण मिळवील. ससा बदलला की पॉलिक्लोनल सीरम बदलते, हे आपणास सांगायला नको. म्हणूनच प्रत्येक नव्या लॉटची चाचणी सर्का-१ असलेल्या ऊतीवर करणे आपले काम होते. इम्युनोजेनसाठी, म्हणजे सशाला टोचण्यासाठी, वापरलेल्या पेप्टाइडचा (प्रथिनाच्या लहान तुकड्याचा) क्रमही आपण गोपनीय ठेवला आहे. तो ३५१ क्रमांकाच्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाभोवतीच्या भागातून घेतला असेल, तर तो भाग या कुळात जवळपास सारखाच असल्याने असा घोटाळा होणारच. २०१६ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने अँटिबॉडी पडताळणीच्या पाच पद्धती मांडल्या. त्यांतील एकीचाही उल्लेख आपल्या कागदपत्रांत नाही.

आमच्या दृष्टीने नुकसान केवळ कुपीच्या किमतीचे नाही. आमची चिक्कोडीची संशोधक विद्यार्थिनी थायरॉइड संप्रेरकाच्या कमी-अधिक प्रमाणाचा या पंपावर होणारा परिणाम अभ्यासत आहे. संप्रेरक वाढले की सोलियसमध्ये सर्का-१ वाढते, हे ज्ञात आहे. आपल्या नव्या लॉटने मोजले असते, तर तीच वाढ सर्का-२ च्या नावावर प्रबंधात गेली असती आणि ११० च्या त्या नेटक्या बँडमुळे परीक्षकांनाही संशय आला नसता. प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीने घेतलेल्या उंदरांच्या ऊतीही मोजक्याच असून त्यांतील बराच भाग या खटाटोपात खर्ची पडला आहे.

तरी नव्या लॉटची पूर्ण रक्कम महाविद्यालयाच्या खात्यावर परत करावी. जुन्या लॉटचा साठा असल्यास त्यातील कुपी द्यावी. नसल्यास बदली कुपी पाठवण्यापूर्वी तिचा हृदय आणि ईडीएल या दोन्ही ऊतींवरील न कापलेला ब्लॉट पाठवावा, कारण त्याशिवाय आम्ही माल स्वीकारणार नाही. पेप्टाइडचा संपूर्ण क्रम देता येत नसेल, तर तो प्रथिनाच्या कोणत्या भागातला आहे एवढे तरी कळवावे. हा लॉट ज्या इतर प्रयोगशाळांना विकला गेला त्यांना लेखी सूचना द्यावी. ही मागणी मी रकमेच्या परताव्याइतकीच महत्त्वाची मानतो.

ब्लॉटच्या मूळ प्रतिमा, छेदांची छायाचित्रे आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. उरलेली कुपी सीलबंद ठेवली असून आपला प्रतिनिधी ती कधीही घेऊन जाऊ शकतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आपले नाव मान्य पुरवठादारांच्या यादीतून वगळण्याचा प्रस्ताव विभाग खरेदी समितीपुढे ठेवील.

कळावे,

आपला विश्वासू,
विभागप्रमुख, शरीरक्रियाशास्त्र विभाग,
बेळगाव