प्लगचे आटे गेले म्हणजे हेड गेले असे नव्हे

संपादक महोदय,

मोटारसायकलच्या स्पार्क प्लगचे आटे गेले की ‘हेडच (इंजिनाच्या सिलिंडरवरचे झाकणच) बदला’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो बहुतेक वेळा अनाठायी असतो. हेड ॲल्युमिनियमचे आणि प्लग पोलादाचा, त्यामुळे प्लग जरा तिरका धरून पान्याने रेटला की हेडचे मऊ आटेच कापले जातात. माझ्या गाडीचा प्लग निघाला तेव्हा त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आली होती. अशा वेळी भोकाला मोठ्या मापाचे आटे पाडून त्यात पोलादी तारेचे वेटोळे किंवा आतबाहेर आटे असलेला अखंड नळीसारखा बुश बसवला, तर १० मिलिमीटरच्या प्लगसाठी लागणारे १ मिलिमीटर अंतराचे मूळ आटे परत मिळतात, आणि तेही पहिल्यापेक्षा टिकाऊ. जपायचे ते धातूच्या किसापासून. टॅपच्या, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराच्या, खाचांत ग्रीस भरावे, टॅप वरचेवर मागे फिरवावा, बाहेर काढून पुसावा. हेड उतरवून हे काम केले तर उत्तमच, कारण आत पडलेला एखादा कणही सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडा पाडू शकतो. नवा प्लग इंजिन थंड असतानाच, आधी बोटांनी पूर्ण फिरवून बसवावा आणि मगच पाना लावावा, एवढी कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक