बाटलीत भर घालून ब्रेकची गळती थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात घाटातील अपघातांच्या बातम्या आपल्या दैनिकात येत असतात आणि त्यांत ‘ब्रेक निकामी झाल्याने’ हे शब्द वरचेवर वाचायला मिळतात. ते वाचून ब्रेक एकाएकी दगा देतात असा समज होतो. माझा अनुभव निराळा आहे. जुन्या मोटारीचे हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, ब्रेक बहुतेक वेळा कित्येक आठवडे आधीपासून थेंबाथेंबाने सूचना देत असतात, आणि आपण बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीत नवे ऑइल ओतून ती सूचना पुसून टाकतो. जुनी गाडी बाळगणाऱ्या आणि तिच्यावर घरी थोडेफार काम करणाऱ्या वाचकांसाठी या एकाच विषयावर सविस्तर लिहीत आहे. कृपया जागा द्यावी.

मी चिपळूणचा रहिवासी असून एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीवर ३१ वर्षे फिटर म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. माझ्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे. २०२३ मध्ये, सहाशेचे पाच हजार रुपये झालेले शुल्क भरून, मी तिची नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी करून घेतली, कारण गाडी जुनी असली तरी धड आहे आणि ती धड ठेवणे माझ्या हातात आहे. मात्र २२ जुलै २०२१ च्या महापुरात ही गाडी आमच्या अंगणात सीटपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर इंजिन धुतले, सर्व ऑइले बदलली, सीट काढून उन्हात वाळवल्या. ब्रेककडे मात्र माझ्यासकट कोणीही पाहिले नाही. दिवाळीच्या सुमारास ब्रेक ऑइलची पातळी वरच्या खुणेवरून जवळजवळ खालच्या खुणेवर आलेली दिसली.

पातळी उतरली म्हणजे गळती आहेच असे नाही, हे येथे सांगितले पाहिजे. पुढच्या चाकांचे पॅड झिजतात तसे ते दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकतात आणि तेवढी जागा ऑइलने भरली जाते. त्यामुळे वर्ष-दीड वर्षात पातळी थोडी खाली जाणे स्वाभाविक आहे. पण पॅड शाबूत असताना महिन्या-दोन महिन्यांत बोटभर पातळी उतरत असेल, तर ते ऑइल कोठेतरी बाहेर पडत आहे. ही यंत्रणा बंद आहे आणि ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखे जळून जात नाही.

गळती शोधायला मी वर्तमानपत्राची जुनी पाने वापरतो. रात्री चारही चाकांखाली, इंजिनखाली आणि ड्रायव्हरच्या पायाशी एकेक पान पसरावे आणि सकाळी डाग पाहावेत. काळपट तपकिरी डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबीसर डाग बहुधा कूलंटचा, आणि फिकट पिवळा, बोटाला बुळबुळीत लागणारा पण पाण्याने सहज धुऊन जाणारा डाग ब्रेक ऑइलचा. माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकाखाली असाच रुपयाएवढा डाग होता, आणि वाकून पाहिल्यावर टायरच्या आतल्या अंगाला ओली रेघ उतरलेली दिसली. डाग कोठेच नाही, पण पॅडल दाबून धरले असता हळूहळू खाली बसत जाते, असेही होते. तेव्हा मास्टर सिलिंडरमधील, म्हणजे पॅडलने दाब तयार करणाऱ्या मुख्य सिलिंडरमधील, रबर आतल्या आत दाब सोडत असते. ती गळती कागदावर कधीच उमटत नाही आणि बाटलीतील पातळीही उतरत नाही, म्हणून ती अधिक फसवी.

चाक काढण्यापूर्वी एक गोष्ट हात जोडून सांगतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात किंवा डोके घालू नये. जमीन सपाट असावी, बाकीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी लोखंडी स्टँडवर टेकवल्याशिवाय कामाला सुरुवात करू नये. ड्रम, म्हणजे मागच्या चाकाचे गोल लोखंडी झाकण, काढल्यावर आतली धूळ फुंकू नये, कारण ड्रमला आतून घासणाऱ्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी.

ड्रम निघाला की वरच्या बाजूला लायनर ड्रमवर दाबणारा छोटा व्हील सिलिंडर दिसतो. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी बूट असतात. बोथट स्क्रू ड्रायव्हरने बुटाची कड अलगद उचलावी: आत कोरडे असेल तर सिलिंडर ठीक आहे, किंचित दमट असेल तर नजर ठेवावी, आणि ऑइलची धार बाहेर आली तर आतले रबर संपले आहे. माझ्या गाडीत धार आली, आणि तिच्याबरोबर तांबूस गाळही आला. पिस्टन, रबर आणि मधली स्प्रिंग काढून, सिलिंडर स्पिरिटने पुसून मी आत टॉर्च मारला, तेव्हा आरशासारख्या असायला हव्या त्या पृष्ठभागावर मोहरीएवढे दोन खड्डे होते. पुराचे पाणी बुटाखाली शिरून तेथेच राहिले होते आणि तीन-साडेतीन महिन्यांत त्याने आपले काम केले होते. अशा सिलिंडरला पॉलिश पेपर मारून रबरांचे नवे किट बसवण्याची पद्धत सर्रास आहे. नख अडकेल असा खड्डा असेल तर ती दुरुस्ती टिकत नाही. नवे रबर त्याच खड्ड्यावर पुन्हा घासून फाटते. त्या वेळी आख्खा सिलिंडर बदलावा, आणि एका बाजूचा गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही उघडून पाहावा. माझा उजवा सिलिंडर गळत नव्हता, पण त्यातही गंज धरू लागला होता.

सिलिंडर गुळगुळीत असेल तर मात्र नुसते किट बदलून भागते, आणि हे काम नीटनेटक्या माणसाला घरी करता येते. नव्या रबराला स्वच्छ ब्रेक ऑइल लावावे, त्याची पातळ कड आतल्या बाजूला, म्हणजे दाबाकडे येईल असे बसवावे, आणि ते ढकलताना कड दुमडत नाही ना हे पाहावे. उलटे बसलेले रबर दाब धरत नाही. ऑइलमध्ये भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन, घासून पुन्हा बसवू नयेत. तापले की त्यांतले ऑइल पुन्हा वर येते आणि गाडी ब्रेक दाबताच एका बाजूला ओढते. दोन्ही मागच्या चाकांचे लायनर जोडीने बदलावेत.

यानंतर एअर, म्हणजे पाइपमध्ये शिरलेली हवा, काढण्याचे काम, आणि त्याला दोन माणसे लागतात. आमच्याकडे पॅडलवर माझी पत्नी बसते. मी सांगितले की ती पॅडल दाबून धरते, मी चाकाजवळचा हवा सोडण्याचा स्क्रू, म्हणजे निपल, अर्धा फेरा सैल करतो, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीतल्या ऑइलमध्ये जातात, मी निपल आवळतो आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणतो. हा क्रम एकदा जरी चुकला तरी हवा पुन्हा आत ओढली जाते. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे, म्हणजे डावे मागचे चाक आधी घेतात, मग उजवे मागचे, डावे पुढचे आणि शेवटी उजवे पुढचे. गाडीच्या पुस्तिकेत निराळा क्रम दिला असेल तर तो पाळावा. या काळात वरची बाटली रिकामी होऊ देऊ नये आणि नळीतून आलेले ऑइल पुन्हा वापरू नये. ते गटारात किंवा झाडाच्या मुळाशीही ओतू नये. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवावा, नाहीतर रंग सोलून निघतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो तिच्याकडे येतो. आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, मीही वर तेच लिहिले आहे. पण हा पदार्थ तेल नाही. तो ग्लायकॉल जातीचा द्रव असून पाण्यात मिसळतो, आणि ब्रेकमधील रबर त्याच द्रवासाठी बनवलेले असते. कारखान्यातल्या प्रेसमध्ये खनिज तेल असते आणि तेथील सील ते तेल सोसणाऱ्या वेगळ्या रबराचे असतात. ब्रेकच्या रबराला खनिज तेल लागले की ते फुगते. पेट्रोल, रॉकेल, ग्रीस, इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचे ऑइल, यांपैकी काहीही चालत नाही, साफ करायलासुद्धा नाही.

गेल्या वर्षी एका लग्नाला जाताना वाटेत पातळी कमी दिसली म्हणून मी एका गॅरेजमध्ये थांबलो. तेथील मुलाने बाटलीत भर घातली आणि घाईत असल्यामुळे कोणता डबा उघडला हे मी पाहिले नाही. ही चूक माझीही आहे. तीन आठवड्यांनी गाडी जड चालू लागली, पॅडल वर येईना आणि चाकांजवळ हात नेववत नव्हता इतके ड्रम तापू लागले. झाकण उघडले तर आतला द्रव लालसर होता. पेलाभर पाण्यात त्याचे चार थेंब टाकले. शुद्ध ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून नाहीसे झाले असते. येथे वर तवंग तरंगत राहिला. पॉवर स्टिअरिंगचे ऑइल घातले गेले होते. मास्टर सिलिंडरमधले रबर फुगून दाब परत सोडणारे बारीक छिद्र बुजले होते, म्हणून पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हते. मास्टर सिलिंडर, दोन्ही कॅलिपरची सील, मागचे दोन्ही सिलिंडर, सगळे रबरी होस असे एकूण एक रबर बदलावे लागले आणि लोखंडी पाइप स्पिरिटने धुवावे लागले. घाटात उतरताना हे झाले असते तर काय झाले असते, हा विचार मी अजून करतो.

कोकणात दुसरा शत्रू म्हणजे हवेतील ओल. हा द्रव ओल शोषून घेतो. डॉट ३ प्रतीचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी गेले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. कुंभार्ली घाट वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक किती तापतात हे चालवणाऱ्यांना माहीत आहे. द्रव उकळला की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल फळीला टेकते. म्हणून गळती असो वा नसो, दर दोन वर्षांनी सगळा द्रव बदलावा आणि उघडी पडलेली अर्धी बाटली पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवू नये.

काही कामे घरी करू नयेत, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहितो. गंजलेल्या लोखंडी पाइपवर एम-सील लावणे, झाळून डाग देणे किंवा नटावर टेफ्लॉन टेप गुंडाळणे हा जीवाशी खेळ आहे. पाइप बदलावाच लागतो, आणि त्याच्या तोंडाची घडी योग्य हत्याराने, सरावाच्या हातानेच व्हावी. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीच्या पंपात हवा शिरली तर ती काढायला बहुतेकदा कंपनीचे उपकरण लागते. आणि काम कोणीही केलेले असो, इंजिन चालू करून पॅडल जोर लावून मिनिटभर धरून पाहिल्याशिवाय आणि अंगणातच दोन-चार वेळा थांबून पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

या निमित्ताने दोन विनंत्या आहेत. सुट्या भागांच्या दुकानदारांनी ब्रेक ऑइल सुटे विकू नये. पाव लिटरच्या सीलबंद बाटल्या ठेवाव्यात आणि ग्राहकासमोर सील तोडावे. गॅरेजचालकांनी बिलावर नुसते ‘ऑइल टॉप-अप’ न लिहिता कोणता द्रव, कोणत्या प्रतीचा आणि पातळी का उतरली होती, हे लिहावे. कारण सापडले नसेल तर ‘कारण सापडले नाही’ असे लिहावे, म्हणजे मालक निदान त्या रात्री गाडीखाली कागद पसरून पाहील.

आपला नम्र,
एक निवृत्त फिटर, चिपळूण