अचानक बंद नको करूस, एवढंच

मनू,

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून लिहू की नको चाललंय माझं. बाबा म्हणतात तो चिडला होता, मला तसं नाही वाटलं, तू दमला होतास. "आई, या घबराटीच्या गोळ्यांनी मी मी राहिलो नाहीये, बंद करतोय मी" एवढं बोललास आणि मग रात्री मेसेज, "ठीक आहे मी". तुझ्या "ठीक आहे मी" चा अर्थ मला तू सहावीत असल्यापासून कळतो, पण ते जाऊ दे. मी ठरवलंय की बंद करण्याबद्दल या पत्रात एकदाच लिहायचं आणि पुढे जायचं. तर ते एकदा: स्वतःच्या मनाने, एका दिवसात बंद करू नकोस. डॉक्टरांशी बोल, मग कमी करायची, बदलायची की सोडायची ते तुम्ही दोघं ठरवा. झालं, संपला विषय.

तुला जे जे होतंय ते मी फोनवर नीट ऐकलंय. मळमळ, तोंड कोरडं, सारख्या जांभया, रात्री मधेच घामाने जाग, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली ती धडधडच वाढलीय. "मग उपयोग काय हिचा" हे तुझं म्हणणं अगदी रास्त आहे, मला कुणी म्हणालं असतं तर मीही हेच म्हणाले असते. पण ताईला विचारलं (ती आधी माझ्यावर ओरडली, त्याला त्याचं करू दे म्हणून, मग नीट सांगितलं) आणि तू पाठवलेल्या फोटोतल्या नावावरून माहितीचा कागद शोधून सगळा वाचला. तुझी एस्सिटॅलोप्राम काय किंवा तिच्याच गटातली सर्ट्रालिन काय, या औषधांचं गणितच उलटं आहे, त्रास पहिल्या दिवसापासून आणि फायदा दिसायला दोन ते सहा आठवडे. या गोळ्या शरीरातल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करतात, आणि त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास मेंदूत नसून आतड्यात असतं म्हणे, म्हणून आधी पोट तक्रार करतं. आणि सुरुवातीला अस्वस्थपणा वाढणं हेही माहितीतलं आहे, तुझ्या एकट्याचं काही बिघडलेलं नाही, म्हणूनच तर डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅमपासून सुरू केली, एकदम १० दिली नाही. नवीन नंबरचा चष्मा लागला की पहिले काही दिवस जमीन खालीवर वाटते ना, तसं काहीसं असावं. बहुतेकांची मळमळ आणि डोकेदुखी आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. रिकाम्या पोटी घेऊ नको, आधी दोन घास खा. रात्री झोप उडत असेल तर सकाळी घेतली तर चालेल का आणि दिवसभर सुस्ती असेल तर रात्री, हे डॉक्टरांना विचार, साधी गोष्ट आहे पण खूप फरक पडतो. एखाद्या दिवशी विसरलास तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

बघ, लगेच यादी सुरू झाली माझी. सॉरी. तू २३ वर्षांचा आहेस, तुला वाचता येतं.

खरं तर मला वेगळंच लिहायचं होतं. तू शाळेत असताना शर्टाच्या बाहीचं बटण अंगठ्याने चोळत राहायचास, आठवतं? डाव्या बाहीचं. दोरा झिजून बटण लोंबायला लागायचं, मग तुटायचं, आणि तू ते खिशात नीट ठेवून घरी आणायचास, कधी हरवलं नाहीस एकही. मी रात्री शिवत बसायचे आणि मला कळायचं की उद्या तोंडी परीक्षा आहे किंवा त्या जाधव बाईंचा तास आहे. मी विचारायचे नाही आणि तू सांगायचा नाहीस. तुला पोटात दुखतंय म्हणून शाळेत जायचं नसायचं आणि सगळे म्हणायचे नाटक करतो. बाबांची आई तर म्हणायची याचं पोट फक्त सोमवारी दुखतं. आता वाचताना कळतं की लहान मुलांची काळजी अशी पोटातून बोलते, तेव्हा आम्हाला कुणाला या गोष्टीला आजार म्हणतात हेच ठाऊक नव्हतं. तू मात्र स्वतः ओळखलंस, स्वतः अपॉइंटमेंट घेतलीस, डॉक्टरांसमोर बसून सगळं सांगितलंस. आपल्या घरात हे आजवर कुणी केलेलं नाही मनू. नानांनी नाही, मावशीने नाही, तुझ्या बाबांनी तर नाहीच. मी चार लोकांत हे सांगू शकत नाही, तू म्हणालायस कुणाला सांगू नको, नाहीतर मी सांगितलं असतं, तुझ्या डिग्रीपेक्षा मोठ्याने सांगितलं असतं.

आणि मावशीचं नाव निघालंच आहे तर. तिला वर्षानुवर्षं अल्प्राझोलाम होती, झोपेची म्हणून. कुणीतरी तिला म्हणालं सवय लागते, तिने एका रात्रीत सोडली. तुला तेव्हा ताईकडे ठेवलं होतं म्हणून तू पाहिलं नाहीस. मी तिला पाणी पाजत होते आणि स्टीलच्या ग्लासच्या काठावर तिचे दात वाजत होते, टकटकटक, तिने दोन्ही हातांनी ग्लास धरला होता आणि त्यावर माझे दोन हात, तरी पाणी सगळं तिच्या पदरावर. रात्रंदिवस झोप नाही. मग फिट आली. नंतर डॉक्टरांनी तीच गोळी परत सुरू केली आणि महिने लावून थोडी थोडी कमी केली, आणि सुटली ती, व्यवस्थित सुटली. म्हणजे सोडता येत नाही असं नाही. सोडायची पद्धत असते.

तुझी मुख्य गोळी त्या जातीची नाही, हे मला माहितीये, तिचं व्यसन लागत नाही. पण तीही एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके असं होऊ शकतं, आणि त्यातली खरी फसगत ही की घबराटही वाढते, मग माणसाला वाटतं आजारच उलटला. आणि ती रात्रीची अर्धी, क्लोनाझेपाम, ती मात्र मावशीच्याच गटातली आहे. पहिली गोळी काम करायला लागेपर्यंतचा टेकू म्हणून ती थोड्या आठवड्यांसाठी देतात. ती मनाने वाढवायचीही नाही आणि मनाने तोडायचीही नाही, आणि त्या गोळीवर दारू अजिबात नाही, एक घोटही नाही, मित्र काहीही म्हणोत. ती घेऊन गुंगी असेल तर गाडी चालवायची नाही. बघ मी एकदाच लिहिणार होते, हे दुसऱ्यांदा झालं.

"मी मी राहिलो नाहीये" याच्यावर मी खूप विचार केला. तू म्हणालास की रडू येत नाही आणि हसूही येत नाही, सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटतं. मला आधी वाटलं, घाबरत नाहीये ना, मग बरंय की. पण मग तू गिटारला हात लावला नाहीस हे ताईने सांगितलं आणि मला कळलं की हे काही बरं नाही. तर हेही दुष्परिणामात येतं, भावना बोथट होणं, आणि हे सहन करायलाच हवं असं मुळीच नाही. डोस कमी करून बघतात, गोळी बदलतात, एकाला जी मानवत नाही तिच्याच गटातली दुसरी मानवते. फक्त डॉक्टरांना नेमकं सांगावं लागतं, "बरं वाटत नाही" म्हणून भागत नाही. अजून एक, आईने लिहू नये असं वाटेल तुला, पण लिहिते, शरीरसंबंधाच्या इच्छेवर वगैरेही या औषधांचा परिणाम होतो, खूप जणांना होतो, आणि मळमळीसारखा तो आपोआप जाईलच असं नसतं. लोक लाजेपोटी डॉक्टरांना सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. तू सांग. मला नको, त्यांना सांग.

आता जे लिहायला हात थांबतोय ते. त्या कागदावर चौकटीत छापलंय की २४-२५ वर्षांपर्यंतच्या तरुण मुलांमध्ये सुरुवातीला किंवा डोस बदलताना जीव नकोसा होण्याचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध खात्याने २००७ साली १८ ते २४ वयोगटासाठीही ही सूचना वाढवली, सुरुवातीच्या एक-दोन महिन्यांत नीट लक्ष ठेवा म्हणून. मी ते वाचलं आणि बाबांना वाचून दाखवलं नाही. मनू मी सरळ विचारते, तसं काही येतं का मनात? येत असेल तर तो तुझा कमकुवतपणा नाही, ते त्याच दिवशी सांगायचं, डॉक्टरांना, ताईला, मला रात्री तीनला उठवून. तसं काही मनात असताना एकटं राहायचं नाही. आणि येत नसेल तर मला नाही म्हणून एका शब्दात कळव, मी परत विचारणार नाही. म्हणजे प्रयत्न करेन.

गुरुवारी जाशील तेव्हा लिहून ने. मोबाईलमध्ये का होईना, कुठला त्रास कधी सुरू झाला, दहापैकी किती, वाढतोय की उतरतोय. तिथे बसल्यावर तू सगळं विसरतोस आणि म्हणतोस ठीक आहे मी. किती दिवस घ्यावी लागेल तेही विचार, बरं वाटायला लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात बहुतेक वेळा, ते ऐकून घाबरू नकोस, तो आकडा त्यांच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकलेला बरा.

फोन केलाच पाहिजे असं नाही. आज गोळी घेतलीस की नाही एवढंच कळव. नाही, मला नको, ताईलाच कळव. ती मला सांगणार नाही असं तिने बजावलंय आणि मी हो म्हणालेय.

आई

ता. क. तुला खोकला आहे असं बाबा म्हणाले. खोकल्याचं औषध घेण्याआधी केमिस्टला सांग की तू ही गोळी घेतोस, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं या गोळीबरोबर नको. दुखण्यासाठी ट्रामाडॉलही विचारल्याशिवाय नको, आयब्युप्रोफेनही नको. आणि तीनला उठव म्हणाले ते खरंच म्हणाले, फोन उशाशी असतो माझा.